साठ ठोक्यांचं घड्याळ

ज्या डब्याच्या पोटात घड्याळ आधीपासूनच चालू आहे, त्याच डब्याच्या थोबाडावर आणखी एक घड्याळ बसवून घ्यायला लोक पैसे मोजतात, हे पाहिल्यापासून निकासियो ओवेलारनं माणूसजातीची जी काय आशा होती ती सोडून दिली होती. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसते. पण नाही! गिऱ्हाइकाला कॅबिनेटवर लाल आकडे पाहिजेत, बोटाएवढे मोठे, दारातून दिसतील असे. बरं, इतकं करून वेळ पाळतील म्हणाल, तर त्या नावानं बोंब.

पराग्वेतल्या सिउदाद देल एस्तेच्या बाजारात, ब्राझीलला जाणाऱ्या पुलापासून तिसऱ्या गल्लीतल्या एका गॅलरीत त्याचा गाळा होता. खिडकी नाही, वारा नाही, दिवसभर ट्यूबलाइट. तेराव्या वर्षी तो एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या हाताखाली बसला, आणि चाळीस वर्षं त्यानं घड्याळंच उघडली. मग मोबाइल फोन आले, मनगटं उघडी पडली, आणि घड्याळजीच्या गाळ्यात आता कॉम्प्युटरची कॅबिनेटं भोकं पाडून घ्यायला येऊ लागली. कुणाला दिवे, कुणाला पारदर्शक दार, कुणाला घड्याळ. निकासियो ते करायचा आणि करताना नाक असं मुरडायचा, की गिऱ्हाइकाला आपण त्याचा काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटावं. भिंतीवर न विकलेली जुनी घड्याळं होती. ती त्यानं मुद्दाम बंद ठेवली होती. चुकीची वेळ सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे निदान घड्याळांना तरी शिकवता येतं, असं तो म्हणायचा.

कारण पराग्वेत आठचं आमंत्रण म्हणजे साडेनऊ, हे शेंबड्या पोरालाही कळतं. निकासियोला साठीपर्यंत कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. कुणाच्या घरी जेवायला बोलावलं की हा आठच्या ठोक्याला दारात हजर. घरची बाई अजून न्हाणीघरात, नवरा बनियनवर, कोळसे पेटायचे आहेत. हा मधल्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून राहायचा आणि प्रत्येक येणाऱ्याला मनगट दाखवायचा. लोक त्याला बोलवायचे बंद झाले. त्याला त्याचाही अभिमान. मुलगी नोएमी पंधरा वर्षांची झाली तेव्हा, पंधरावा वाढदिवस थाटात करायच्या रिवाजाप्रमाणे, हॉल घेतला, आठची वेळ छापली. बापलेकीच्या नाचानं सोहळा सुरू व्हायचा. आठ वाजले. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या आणि केक. वाजंत्रीही आली नव्हती. यानं मुलीचा हात धरला आणि तोंडानं "एक दोन तीन, एक दोन तीन" म्हणत तिला हॉलभर फिरवून आणलं. पाहुणे आले तेव्हा नाच होऊन गेला होता. बायको सेल्सा त्या दिवशी मोरीत जाऊन रडली. यानं तिला विचारलं, "पत्रिकेवर काय लिहिलं होतं?"

तर अशा या माणसाची ती नोएमी आता सत्तावीस वर्षांची होती, शाळेत गणित शिकवायची, आणि स्पेनला निघाली होती. त्या वर्षी निम्मी गल्ली स्पेनला चालली होती. तिकडे एका म्हातारीची देखभाल करायची, दिवसरात्र तिच्याच घरी राहायचं. निकासियोनं ऐकलं आणि जेवणाच्या ताटावरच बोलून गेला, "गणित शिकून परक्याच्या म्हाताऱ्या धुवायला निघालीस? मी स्टँडवर यायचा नाही, सांगून ठेवतो." त्यानंतर तीन आठवडे बापलेकीत शब्द नाही.

जानेवारीतला तो निघायचा दिवस उजाडला तेव्हा निकासियोपुढे कॅबिनेट होतं नोटरी फ्रेतेसचं. या फ्रेतेसचं ऑफिस नऊला उघडतं अशी पाटी आहे आणि तो स्वतः साडेअकराला उगवतो. त्याला घड्याळ पाहिजे होतं ते स्वतःकडे तोंड करून नव्हे, समोर बसलेल्या पक्षकारांकडे तोंड करून. म्हणजे त्यांनी लवकर उठावं. "माझा वेळ फार मोलाचा आहे हो, मास्तर," तो म्हणाला होता. निकासियोनं खण मोजायला पट्टी काढली. असल्या माणसाला उत्तर देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सीडीच्या खणाखालचा रिकामा खण त्यानं कापून साफ केला. घड्याळ घेतलं ते पुलापलीकडून आलेल्या एका ब्राझिली रेडिओ-घड्याळातलं, मोठ्या लाल आकड्यांचं. ते बॅटरीवर चालत नाही. भिंतीतल्या विजेचे ठोके मोजत चालतं. कॉम्प्युटर बंद असला तरी ते चालू राहावं म्हणून त्यानं छोटा ट्रान्सफॉर्मर आत बसवून थेट मागच्या वायरीवरून वीज घेतली. काम सुबक होतं, ते नाकारता येणार नाही.

आता ब्राझीलची वीज सेकंदाला साठ ठोके देते आणि आपली पन्नास. पलीकडचं घड्याळ अलीकडे आणून तसंच लावलं तर ते साठ मोजेपर्यंत इथला सेकंद कधीच होऊन गेलेला असतो, आणि घड्याळ दर तासाला दहा मिनिटं मागं पडतं. उपाय सोपा आहे. मागच्या पट्टीवरची एक तार एका भोकातून काढून शेजारच्या भोकात सोल्डर करायची. अख्ख्या बाजाराला हे ठाऊक. निकासियोनं आयुष्यात निदान हजार तारा फिरवल्या असतील. ही एक फिरवायला त्यानं सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली आणि तेवढ्यात सेल्सा डबा घेऊन आली.

"म्हाताऱ्या, जेव आधी," तिनं रस्सा आणि उकडलेला साबूकंद पुढ्यात ठेवला. "आणि कान इकडे कर. गाडी सहाची आहे. मी असुन्सिओनपर्यंत तिच्याबरोबर जातेय. उद्या तिला विमानात बसवून मग परत."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? तीन आठवडे तोंड शिवून बसलायस. तिनं सगळ्यांचा निरोप घरीच घेतलाय, स्टँडवर कुणी नको म्हणाली. एकट्या तुझ्यासाठी सांगितलंय, ऐक. म्हणाली, पापा सहाला तिथं दिसले तर समजेन राग गेला. नाही दिसले तर तेही समजेन."

निकासियो साबूकंद चावत राहिला.

"मी म्हटलं, अगं, थोडं मागंपुढं होतं माणसाचं," सेल्सा म्हणाली. "तर म्हणते, दुसऱ्या कुणाचा बाप असता तर गाडी हलेपर्यंत वाट पाहिली असती. माझ्या बापासाठी सहा म्हणजे सहा. एक मिनिट वर गेलं की समजायचं, येत नाहीत."

तशातही त्याला बरं वाटलं. निदान घरात एक माणूस आपल्याला ओळखून आहे. खरं तर जायचं त्यानं पहाटेच ठरवून टाकलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट कागदात गुंडाळून टेबलाखाली ठेवला होता. तिचं जाणं त्याला पटलं नव्हतं, पण तिनं तोंड न बघता जावं हे त्याला सोसणार नव्हतं. मात्र हे बोलून दाखवलं तर थुंकलेलं चाटल्यासारखं झालं असतं. तो नुसता जाऊन उभा राहणार होता.

फ्रेतेसच्या घड्याळाला त्यानं वीज दिली. मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून बरोबर बारा लावले. मग मनगटावरचं घड्याळ उतरवलं. स्टीलचं, त्याच्या गुरूनं दिलेलं, चाळीस वर्षं अंगावरचं.

"हे तिच्या पिशवीत टाक."

सेल्सानं घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "तूच दे की हातानं. येणार आहेस ना?"

"टाक म्हटलं ना. भांडी घे आणि जा."

ती गेली. तिच्या पाठीकडे बघत बघतच त्यानं कॅबिनेटचं झाकण लावलं, चार स्क्रू आवळले आणि मग पाहिलं की कांडी उगीचच तापतेय. ती त्यानं बंद केली. तार जिथल्या तिथंच होती.

समोरच्या गाळ्यात दिग्ना बसायची. कॉम्प्युटर दुरुस्त करायची, तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पाल्याचा चहा, नळीनं ओढत बसायची आणि तोंडानं फटकळ. तिनं सगळं पाहिलं होतं. "मास्तर, त्या पलीकडच्या घड्याळाची तार फिरवलीत का?"

"तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून मी घड्याळं उघडतोय."

"म्हणूनच विचारलं. इतकं जुनं डोकं, काही राहून जायचं."

"स्वतःचं बघ. काल कुणाचा तरी कॉम्प्युटर दुरुस्त केलास आणि तो आज हातगाडीवरून परत आला."

दिग्नानं नळीतून एक घोट ओढला आणि पाठ फिरवली. निकासियो जिंकला होता. आणि जिंकलेल्या माणसाला झाकण परत उघडून बघायची गरज वाटत नाही.

दुपार सरली. टेबलावर लाल आकडे डौलात चालले होते. पुढ्यात पडदा जोडलेला नव्हता, नुसतं कॅबिनेट. भिंतीवरची घड्याळं मुकी, मनगट मोकळं. आसपास शटर पडू लागली. निकासियोनं आकडे पाहिले. चार वाजून दहा. दिग्नाही कुलूप शोधत होती.

"चाललीस? चार वाजून दहा मिनिटं झालीत! म्हणून तर हा देश असा आहे."

"चार? पाच वाजले मास्तर. हा बघा फोन."

निकासियोनं फोनकडे बघायचीही तसदी घेतली नाही. नदीकाठच्या या गावात निम्मे फोन पलीकडचा टॉवर पकडतात आणि ब्राझीलची वेळ दाखवतात, एक तास पुढची. हे त्यानं तिला शंभर वेळा सांगितलं होतं. एकशे एकाव्यांदा सांगितलं. "तुझा फोन ब्राझीलचा गुलाम आहे. आणि तोही धड नाही. ब्राझीलमध्ये पाच वाजून दहा झालीत. तुझा त्याहून दहा मिनिटं मागं. एक तास टॉवरचा, दहा मिनिटं तुझ्या आळसाची."

"बरं बाबा, तुम्ही म्हणाल ते. माझ्या पोटात मात्र पाच वाजलेत," असं म्हणून दिग्ना शटर ओढून निघून गेली. रस्त्यावर कुणालाही एका वाक्यात वेळ विचारता आली असती. पण निकासियोनं जन्मात कुणाला वेळ विचारली नव्हती. लोकांनी त्याला विचारायची, अशी त्याची समजूत.

लाल आकड्यांवर पाच वाजून दहा झाले तेव्हा त्यानं पांढरा शर्ट चढवला आणि निघाला. स्टँड पायी वीस मिनिटं. अर्धा तास आधी पोचायचं, फलाटाच्या तोंडाशी उभं राहायचं, म्हणजे ती आली की पहिला तोच दिसेल. जानेवारी म्हणजे इकडे भर उन्हाळा, ऊन अजून रस्त्यावर होतं. दुकानं बंद होती आणि तो मनातल्या मनात एकेकाच्या आळसाचा पंचनामा करत चालला होता.

स्टँडवरचं मोठं घड्याळ तीन वर्षांपासून दोन वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. दुरुस्त करून देतो म्हणून त्यानं दोनदा अर्ज दिला होता. त्याच्याकडे पाहून तो नेहमीप्रमाणे हसला. टोपलीवालीकडून गरम चिपा, चीजचे छोटे पाव, घेतले, तीन, नोएमीला चीज जास्त असलेले आवडतात म्हणून हातानं दाबून निवडले. फलाटावर असुन्सिओनची एक गाडी उभी होती, इंजिन चालू. साडेपाचची असणार. ड्रायव्हर चढला, दार लागलं. निकासियोला नवल वाटलं. साडेपाचची गाडी साडेपाचला सुटतेय! त्यानं कौतुकानं मान हलवली. या देशात निदान एक ड्रायव्हर तरी माणसाच्या पोटी जन्मलाय.

गाडी त्याच्या पुढ्यातून वळली. मधल्या एका खिडकीचा पडदा करकचून ओढलेला होता, बाहेर चांगला उजेड असताना. निकासियोनं तोंड वाकडं केलं. बाहेर बघायचं नाही तर खिडकीची जागा अडवायची कशाला? लोकांना कशाचीच किंमत नाही.

मग तो ताठ उभा राहिला. चिपा कागदात गार होत गेले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाव तास. नोएमी नाही, सेल्सा नाही. दोघी उशीर करतायत हे पाहून त्याला आधी राग आला आणि मग, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. आता तोच त्यांना मनगट दाखवू शकला असता, मनगटावर घड्याळ असतं तर. फलाटावर दुसरी गाडी लागली. निकासियोनं टोपलीवालीला विचारलं, "ही सहाची ना?"

"ही सातची. सहाची तुमच्या समोरून तर गेली. तुम्ही मान नाही का हलवलीत? मला वाटलं कुणालातरी निरोप देताय."

"ती साडेपाचची होती."

"साडेपाचची सहाला गेली, सहाची साडेसहाच्याही नंतर. आपल्याकडे कधी वेळेवर सुटलीय का गाडी?" बाई टोपली झाकू लागली. "सात व्हायला आले, आजोबा. शेवटचे दोन उरलेत, घेता का?"

निकासियोनं साठ वर्षांत पहिल्यांदा वेळ विचारली. आधी तिकीटवाल्याला, मग एका शिपायाला, मग तान्हं मूल घेतलेल्या एका बाईला. तिघांनीही एकच सांगितलं. तो पडदा त्याला आठवला आणि तो तिथंच कठड्यावर बसला. कुणावर नाक मुरडावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्नानं शटर वर केलं तेव्हा मास्तर कॅबिनेट उघडून बसला होता, नुसता त्या तारेकडे बघत. तिनं एक नजर टाकली आणि तिला सगळं कळलं. बोलायला चांगली दोन वर्षांची बाकी साचली होती तिच्याकडे, पण त्याचा चेहरा पाहून तिनं आपल्या गाळ्यातले दिवे लावायला घेतले. नऊची वेळ दिलेला नोटरी फ्रेतेस दहाच्या सुमाराला उगवला. "झालं का माझं घड्याळ? वेळ बरोबर दाखवतं ना, मास्तर?"

निकासियो काही बोलायच्या आत दिग्नाचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि हात लांब करून फोन त्याच्यापुढे धरला. "नोएमी. विमानतळावरून."

"पापा, घड्याळ मिळालं," नोएमीचा आवाज शांत होता, वर्गात बोलायची तसा. "मला समजलं. स्वतः यायचं नव्हतं म्हणून ते पाठवलंत. चालेल. मी रागावले नाही."

"तसं नाही," निकासियो म्हणाला.

"अहो असू दे ना. गाडी अर्धा तास तशीच उभी होती. मम्मी म्हणत होती थांब, येतील, थांब. मी म्हटलं, पापांना अर्धा तास कशाला? सहा वाजून एक मिनिट झालं आणि मी पडदा ओढून घेतला. चला, आत बोलावतायत. तब्येत सांभाळा."

फ्रेतेस ऐकत होता. बाजूच्या गाळ्यातला चार्जरवाला ऐकत होता. निकासियोपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसला असता तर मुलीच्या लेखी तो दगड ठरला असता, पण वेळ न चुकलेला दगड. आणि शरमेची गोष्ट अशी की त्यानं क्षणभर, चांगला क्षणभर, तोही विचार केला.

"मला उशीर झाला," तो म्हणाला. "माझं घड्याळ मागं होतं. मी आलो होतो. गाडी सुटताना मी फलाटावर होतो."

मग नोएमी म्हणाली, "पापा, खोटं बोलू नका. तुम्हाला जमत नाही ते. तुम्ही आणि उशीर?"

"खरं सांगतो."

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय. कळतंय मला. ठेवते."

"थांब!" त्यानं फोन कानापासून काढला आणि दिग्नाच्या हातात कोंबला. "सांग तिला. तू बघितलंयस. सांग मी कसा गाढव ते. काय नावं ठेवायची ती ठेव."

दिग्नानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं सुरू केलं. "नोएमी, फोन ठेवू नकोस, ऐक. तुझ्या या दीडशहाण्या बापानं ब्राझीलचं घड्याळ तार न फिरवता बसवलं. मी विचारलं तर माझे दुधाचे दात काढले. पाच वाजले म्हटलं तर माझ्या फोनला गुलाम म्हणाला. त्या डबड्याकडे बघून शर्ट बदलला आणि तुझ्या गाडीला साडेपाचची समजून मान हलवत उभा राहिला, टोपलीवालीनं अख्ख्या बाजाराला सांगितलंय." निकासियो प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. "तुझ्या बापाचं घड्याळ काल चांगलं तासभर मागं होतं, आणि हा वेळेआधी पोचलो म्हणून ताठ!"

"तासभर नाही," निकासियो फोनच्या दिशेनं वाकून ओरडला. "एक तास दोन मिनिटं. हिशेब नीट सांग तिला, एक तास दोन मिनिटं!"

दिग्ना थांबली. मग नोएमी हसायला लागली, मोठ्यानं, फ्रेतेसलाही ऐकू जाईल इतकं. मध्येच तो आवाज ओला झाला आणि तिकडून सेल्साचा प्रश्न ऐकू आला, काय झालं गं, काय झालं?

"मम्मी," नोएमी म्हणत होती, "पापा आले होते."